आई दादरची, बाबा परदेशी: मुलाच्या नागरिकत्वाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची मुलगी २०१८ साली परळच्या एका हॉस्पिटलात जन्मली. मी दादरची, नवरा जर्मन. दुसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या आत्यानं पाळण्यात डोकावून विचारलं, "मग आता ही कुठली?" मी म्हटलं, "आपली." आत्या बँकेतून रिटायर झालेली, सहज सोडणारी नव्हे. "ते झालंच गं. पासपोर्ट कुठला?"

त्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यात पुढचं वर्ष गेलं. त्यानंतर नात्यातले, ऑफिसमधले, कुणाच्या तरी नणंदेचे दीर असे बरेच जण फोन करून हेच विचारत आले. मी वकील नाही. पण कायदा वाचलाय, खेटे घातलेत आणि एक मोठी चूक करून बसलेय. ती पुढे सांगतेच.

भारतात दुहेरी नागरिकत्व असतं का?

नाही. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहत नाही, असं राज्यघटनेचा ९वा अनुच्छेद आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं ९वं कलम सांगतं. दोन्हीकडे ९ आकडा असल्यामुळे गोंधळ होतो, पण अर्थ एकाच दिशेचा आहे.

यातला 'स्वतःहून' हा शब्द महत्त्वाचा. आईकडून एक आणि बाबांकडून दुसरं नागरिकत्व मुलाला जन्मतःच मिळतं, तेव्हा त्यानं स्वतःहून काहीच घेतलेलं नसतं. म्हणजे कागदावर मूल दोन देशांचं होऊ शकतं. कायद्यालाही हे ठाऊक आहे. भांडण सुरू होतं पासपोर्टपाशी.

मूल मुंबईत जन्मलं, पालकांपैकी एकच भारतीय. ते भारतीय आहे का?

बहुतेक वेळा आहे. कलम ३ बघायचं. त्यात जन्मतारखेनुसार तीन टप्पे आहेत.

२६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती, आईवडील कुठलेही असोत, भारतीय. परकीय राजदूतांच्या मुलांसारखे अपवाद सोडून. १ जुलै १९८७ पासून पालकांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आली: एक पालक भारतीय असेल तर दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

ही शेवटची अट आपल्याला कशाला लागते, असं वाटेल. पण कायद्यात बेकायदा स्थलांतरित म्हणजे विनाकागद सीमा ओलांडून आलेलाच नव्हे; परवानगीची मुदत संपल्यावर राहिलेलाही त्यातच येतो. म्हणून बाळाच्या जन्माच्या दिवशी परदेशी पालकाचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारताशी नातं असलेल्या परदेशी माणसाचं इथे येण्या-राहण्याचं कार्ड, त्याबद्दल पुढे) वैध होतं, याचा कागद जपून ठेवा. व्हिसाच्या पानाची झेरॉक्स काढा, फोनमध्ये फोटो ठेवा, आईला मेल करा. दहा वर्षांनी जुना पासपोर्ट सापडत नाही तेव्हा हीच झेरॉक्स कामाला येते.

लग्न झालेलं असलंच पाहिजे असं कलम ३ म्हणत नाही. दुसऱ्या देशाचा कायदा मात्र बाप परदेशी असेल तर हा प्रश्न हमखास विचारतो.

महापालिकेचा जन्मदाखला हा नागरिकत्वाचा पुरावा आहे ना?

तो जन्माचा पुरावा आहे. कुठे जन्म झाला, कधी, आईवडील कोण, एवढंच तो सांगतो. तरी पुढची सगळी इमारत त्यावरच उभी राहते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना भारतीय पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटल माहिती पाठवतं, पण तिथल्या रजिस्टरमध्ये नावं कुणी आणि कशी लिहिली हे स्वतः बघा. आमच्या फॉर्मवर नवऱ्याच्या आडनावातला एक 'एच' गळला होता. देवनागरीत त्यानं काहीच फरक पडत नव्हता, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. दाखल्याच्या इंग्रजी ओळीत मात्र तो बाप दुसराच कुणीतरी झाला. दुरुस्तीसाठी वॉर्ड ऑफिसच्या चार फेऱ्या झाल्या, त्यातली एक गणपतीच्या आदल्या दिवशी.

दाखला परदेशी कार्यालयात द्यायचा असेल तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागू शकतं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. मूळ दाखल्याच्या दोन-तीन प्रती आधीच काढून ठेवा.

मूल परदेशात जन्मलं तर?

मग कलम ३ बाजूला ठेवा आणि कलम ४ उघडा. याला वंशानं मिळणारं नागरिकत्व म्हणतात. १० डिसेंबर १९९२ च्या आधी जन्मलेल्यांना ते फक्त वडिलांकडून मिळायचं. आई भारतीय असून उपयोग नव्हता. त्या तारखेपासून आई किंवा वडील, कुणीही चालतं.

३ डिसेंबर २००४ पासून मात्र आपोआप काही होत नाही. जन्मापासून एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं पालकांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

एक उदाहरण घ्या. नवरा रत्नागिरीचा, बायको फिलिपिनो, दोघं दुबईत नोकरीला, बाळ तिथेच झालं. अमिरात केवळ तिथे जन्मल्यामुळे नागरिकत्व देत नाही. आईमुळे बाळ जन्मतः फिलिपिनो आहे. वडिलांमुळे ते भारतीय होऊ शकतं, पण भारतीय वकिलातीत वेळेत नोंद झाली तरच. आणि नोंदीच्या दिवशी बाळाच्या नावे फिलिपिन्सचा पासपोर्ट निघालेला असला, तर ती घोषणा करता येत नाही. शब्द नीट वाचा. घोषणा 'पासपोर्ट नाही' अशी आहे, 'नागरिकत्व नाही' अशी नाही. बहुतेक जोडप्यांची गाडी इथेच चुकते: आईच्या वकिलातीत अपॉइंटमेंट लवकर मिळाली म्हणून आधी तो पासपोर्ट निघतो आणि मग भारताचं आठवतं.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मुलाला आपोआप मिळतं का?

देशागणिक उत्तर बदलतं, त्यामुळे शेजारच्यांचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नाही.

ब्रिटन: ब्रिटनमध्ये जन्मलेल्या किंवा तिथे नागरिकत्व मिळवलेल्या पालकाचं मूल मुंबईत जन्मलं तरी ब्रिटिश. पण तो पालक स्वतःच वंशानं ब्रिटिश असेल, म्हणजे बाहेर जन्मलेला असेल, तर साखळी साधारणपणे तिथेच तुटते.

अमेरिका: एकच पालक अमेरिकी आणि जोडपं विवाहित असेल, तर त्या पालकानं मुलाच्या जन्माआधी अमेरिकेत एकूण पाच वर्षं प्रत्यक्ष राहिलेलं असावं लागतं. त्यातली दोन वर्षं वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. लहानपणीच भारतात परतलेल्या 'अमेरिकी' पालकांना ही अट ऐकून धक्का बसतो. अट पूर्ण होत असेल तर परदेशातल्या जन्माची नोंद बीकेसीतल्या अमेरिकी कॉन्सुलेटमार्फत होते.

जर्मनी: आई किंवा वडील, कुणाहीकडून. जर्मन पालक स्वतः १९९९ नंतर जर्मनीबाहेर जन्मलेला आणि बाहेरच राहणारा असेल, तर बाळाच्या जन्माची नोंद वर्षाच्या आत मागावी लागते. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व सरसकट मोकळं केलं. ही बातमी आली तेव्हा मला किमान दहा जणांनी अभिनंदनाचे मेसेज पाठवले. जर्मनीनं दार उघडलं म्हणून भारताचं उघडत नाही, हे दहा वेळा टाइप केलं.

जपान: परदेशात जन्मलेल्या आणि जन्मतः दुसरंही नागरिकत्व मिळालेल्या मुलासाठी तीन महिन्यांत जपानी नागरिकत्व राखून ठेवल्याची नोंद करावी लागते. बाळंतिणीचे तीन महिने कसे जातात हे त्या कायद्याच्या गावी नसावं.

सिंगापूर: स्वतः दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मुलगा असेल तर लष्करी सेवेचाही विचार आधीच करा.

दोन्ही पासपोर्ट ठेवले तर कुणाला कळणार आहे?

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. आम्हाला एका एजंटनं, नाव घेत नाही, ठामपणे सांगितलं होतं: "मॅडम, सगळे ठेवतात. जाताना हा दाखवायचा, उतरताना तो."

कळतं. विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत पासपोर्ट उघडला की ज्या देशात निघालात तिथला व्हिसा बघतात. भारतीय पासपोर्टवर तो नसेल तर पुढचा प्रश्न ठरलेला. आणि परदेशी पासपोर्ट दाखवलात तर त्यावर भारताचा व्हिसा कुठे आहे, असं विचारतात. दोन्हीकडून अडकायला होतं. परदेशी पासपोर्ट असताना भारतीय पासपोर्ट काढणं किंवा वापरणं हे १९६७च्या पासपोर्ट कायद्याखाली कारवाईला निमंत्रण आहे. मुलाच्या फॉर्मवर सही पालकाची असते, तेव्हा खोटं लिहिलं तर ते पालकानं लिहिलेलं असतं.

अजाण बाळाच्या नावे पालकांनी परदेशी पासपोर्ट काढला, तर त्यानं 'स्वतःहून' नागरिकत्व घेतलं असं म्हणता येईल का? मुद्दा चांगला आहे. कोर्टात मांडता येईल. खिडकीवर नाही.

मग खरी अडचण कुठे येते?

आजीकडे जाताना. गंमत म्हणून सांगत नाहीये. जवळपास प्रत्येक घरात निर्णयाची वेळ आणते ती परदेशातली आजी.

आमचं असं झालं, आणि सुरुवातीला म्हटलेली मोठी चूक ती हीच. मुलगी पाच महिन्यांची असताना आम्ही तिचा भारतीय पासपोर्ट काढला. मुंबईत जन्मली, आई भारतीय, दोघांची संमती जोडली, लोअर परळच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम झालं. फोटोत तिचे डोळे अर्धे मिटलेले, टाळूवर तेल चमकतंय. मला तो पासपोर्ट फार आवडायचा. मग सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि आम्ही मुलीसाठी जर्मनीचा व्हिसा मागायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कागद चाळले, नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "वडील तुम्हीच ना? मग ही जर्मन आहे. आपल्याच नागरिकाला व्हिसा कसा देणार?"

गाठ ही अशी आहे. त्यांचा देश म्हणतो, आमचा नागरिक आमच्याच पासपोर्टवर येईल. अमेरिकेच्या कायद्यात तर अमेरिकी नागरिकानं अमेरिकी पासपोर्टवरच आत-बाहेर करावं, असं स्पष्ट लिहिलंय. आणि भारत म्हणतो, तो पासपोर्ट घेतलात तर आमचा ठेवता येणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधे बाळ आणि रद्द झालेलं तिकीट.

आम्ही जर्मन पासपोर्ट काढला. भारतीय पासपोर्ट परत करून तसं प्रमाणपत्र घेतलं. मग जर्मन पासपोर्टवर भारतात राहण्याचा व्हिसा मिळवण्यासाठी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात, म्हणजे एफआरआरओकडे अर्ज केला. परळमध्ये जन्मून एकदाही देश न सोडलेल्या पोरीला भारतात राहायचा व्हिसा! आत्याला हे समजावताना माझा घसा बसला. सासूबाई तोवर काठी टाकून चालायला लागल्या होत्या.

यातून काही मार्ग?

ब्रिटिश पालकांसाठी एक आहे, फारसा कुणाला माहीत नसतो. ब्रिटिश पासपोर्ट न काढता, मुलाच्या भारतीय पासपोर्टाच्या आधारे तिथे राहण्याच्या हक्काचं प्रमाणपत्र घेता येतं. फी भरपूर आहे, पण ते पासपोर्ट नव्हे. इतर देशांच्या बाबतीत प्रवासाआधी त्यांच्या कॉन्सुलेटला लेखी विचारा. फोनवर मिळालेलं उत्तर दुसऱ्या दिवशी बदलतं.

नाहीतर सरळ विचार करा: पुढची पाच-सात वर्षं मूल कुठे राहणार, कुठे शिकणार, वर्षातून किती वेळा तिकडे जाणार? दर उन्हाळ्यात जाणार असाल तर परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय सोयीचं. मुंबईतच राहणार आणि आजीआजोबाच इकडे येणार असतील, तर भारतीय पासपोर्ट काढा आणि दुसरा काढायची घाई करू नका. बऱ्याच देशांत तो हक्क वाट बघतो. जपानसारखे काही देश बघत नाहीत, ते आधी तपासा. भारतीय पासपोर्ट एकदा परत केला की वाट लांबची आहे.

अमेरिकी नागरिकत्वाला आणखी एक शेपूट असतं. अमेरिकी नागरिक जगात कुठेही राहिला तरी तिथल्या करव्यवस्थेच्या कक्षेत येतो. आजोबांनी नातवाच्या नावे कौतुकानं केलेल्या एफडी सगळ्या मिळून दहा हजार डॉलरच्या वर गेल्या, तर परदेशी खात्यांची माहिती अमेरिकेला कळवावी लागते.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्वच ना?

नावानं घोळ घातलाय. 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' म्हटल्यावर कुणालाही नागरिकत्वच वाटणार. ही सोय २००५ साली सुरू झाली. २०१५ मध्ये भारतीय वंशाच्या परदेशी लोकांसाठीचं जुनं पीआयओ कार्ड त्यात विलीन झालं आणि कायद्यातल्या नावाला 'कार्डहोल्डर' शब्द जोडला गेला. तो शब्द खरं बोलतो: हातात कार्ड आहे, नागरिकत्व नाही.

कार्डावर आयुष्यभर भारतात येता-जाता, राहता येतं. एफआरआरओत नोंदणी लागत नाही. इथे १८२ दिवस राहिलेल्याला आधार मिळतं. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण अशा काही कामांसाठी वेगळी परवानगी लागते. हिमालयातल्या ट्रेकला नेणारे आयोजक यावरून कधीकधी उगाच घाबरवतात. आधी ट्रेक आणि गिर्यारोहण यांतला फरक त्यांना विचारा.

पालकांपैकी एक जरी भारतीय असेल तरी अल्पवयीन मुलाला ओसीआय मिळतं. पण आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कुणीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिक असेल किंवा पूर्वी असेल, तर मिळत नाही.

शाळा-कॉलेजला अडचण येते का?

शाळेला सहसा नाही. बारावीनंतर मात्र नक्की येते आणि ती आधीच माहीत असलेली बरी.

४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं ओसीआय मुलांना नीट, जेईई यांसारख्या परीक्षांनंतर फक्त एनआरआय किंवा जादा कोट्यातल्या जागांसाठी पात्र ठरवलं. त्याआधी बारा-पंधरा वर्षं इथल्याच शाळेत शिकलेल्या मुलांवर हा घाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयानं सांगितलं की ही अट पुढच्यांसाठी. ४ मार्च २०२१ च्या आधी ज्यांना कार्ड मिळालंय त्यांचा जुना हक्क कायम.

आमच्या मुलीचं कार्ड २०१९ चं. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा तिच्याहून दोन महिन्यांनी लहान, वडील फ्रेंच, कार्ड २०२२ चं. एकाच शाळेत, एकाच बाकावर बसतात. डॉक्टर व्हायचं दोघांनी ठरवलं, तर सरकारी कॉलेजच्या जागेसाठी एकाचा विचार होईल, दुसऱ्याचा नाही. हे त्याच्या आईला सांगायला मी वर गेले होते. चहा पिऊन तशीच खाली आले. पुढच्या आठवड्यात सांगितलं.

आणि राज्याच्या कोट्यासाठी लागणारं वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचं प्रमाणपत्र, आपण ज्याला डोमिसाईल म्हणतो ते, भारतीय राष्ट्रीयत्व गृहीत धरतं. नावातच आहे.

गावच्या जमिनीचं काय? नातवाचं नाव सातबाऱ्यावर लागेल का?

सगळ्यात जास्त कळकळीनं विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो नेहमी आजोबा विचारतात.

ओसीआय असलेल्या व्यक्तीला शेतजमीन, फार्महाऊस, मळे विकत घेता येत नाहीत. महाराष्ट्रात तर भारतीय नागरिकालाही शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, ते वेगळं. पण वारसाहक्कानं आलेली जमीन नातवाला मिळू शकते. म्हणजे आजोबांची कलमी झाडं, विहीर आणि त्या विहिरीवरून चाललेला भावकीतला वाद, हे सगळं त्याच्याकडे येऊ शकतं. मुंबईतला फ्लॅट विकतही घेता येतो. मृत्युपत्र करून ठेवा आणि त्यात नातवाचं नाव त्याच्या पासपोर्टवर आहे तसं लिहा.

नावाचा एवढा बाऊ कशाला?

कारण आपण नावाच्या मधे बापाचं नाव घालतो आणि जगाला ते कळत नाही. आमच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. जर्मन पासपोर्टवर तिचं नाव आणि आडनाव, बस. तिकडे मधलं नाव हे मुलीचंच दुसरं नाव समजतात, आणि मग एका गोड मुलीचं नाव 'मीरा योहान्स' होऊन बसतं. जन्मदाखल्यावर जे नाव घालाल तेच सगळीकडे ठेवा. शाळेच्या फॉर्ममध्ये तीन रकाने असले तरी मधला रिकामा ठेवायचा आग्रह धरा. क्लार्क म्हणेल, सिस्टिम घेत नाही. घेते.

मूल अठरा वर्षांचं झालं की निवड करावी लागते?

परदेशात जन्मून कलम ४ नुसार भारतीय झालेल्यांना, हो. दुसरं नागरिकत्वही असेल तर अठरा पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत ते सोडावं लागतं. नाही सोडलं तर भारताचं जातं. या मुदतीची आठवण करून देणारं पत्र घरी येईल याची वाट बघू नका. साडेअठरा हा वाढदिवस कुणी साजरा करत नाही, तरी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

भारतात जन्मलेल्यांसाठी, म्हणजे कलम ३ वाल्यांसाठी, सहा महिन्यांची ही मुदत लिहिलेली नाही. पण मोठं झाल्यावर त्यांनी परदेशी पासपोर्ट स्वतः काढला की कलम ९ लागतं. परदेशी पासपोर्ट हा नागरिकत्व स्वतःहून घेतल्याचा निर्णायक पुरावा, असं नियमच सांगतात आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम उचलून धरलाय.

भारतीय पालकानंच मागाहून परदेशी नागरिकत्व घेतलं तर?

मुलाच्या जन्माच्या वेळी तुम्ही भारतीय होतात का, हे आधी बघायचं. जन्मानंतर घेतलंत तर मुलाचं काय होतं, ते तुमचं नागरिकत्व कुठल्या कलमानं गेलं यावर अवलंबून. पालकानं रीतसर घोषणा करून ते सोडलं (कलम ८), तर अल्पवयीन मुलाचंही जातं, पण अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभरात ते परत मागता येतं. पालकानं परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे ते आपोआप गेलं असेल (कलम ९), तर परत मागायची ही खास वाट मुलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. परदेशात नागरिकत्व घेणाऱ्या बहुतेकांचं कलम ९ नेच जातं.

ओसीआय मुलाला पुढे भारतीय व्हायचं असेल तर?

होता येतं. पालक भारतीय असेल तर अल्पवयीन मुलाची कलम ५ खाली नोंदणी मागता येते. सज्ञान झाल्यावर, पाच वर्षं ओसीआय असून अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेल्यालाही अर्ज करता येतो. दुसरं नागरिकत्व सोडावं लागतं. शहरात राहत असाल तर फोर्टातलं, उपनगरात असाल तर वांद्र्याचं कलेक्टर ऑफिस. फाइल तिथून राज्याकडे आणि मग दिल्लीला जाते. वेळ लागतो, फाइल नंबर पाठ होतो.

आम्ही वेगळे होतोय. मुलाच्या नागरिकत्वावर परिणाम होईल का?

नागरिकत्वावर नाही. लग्नामुळे मिळालेलं जोडीदाराचं ओसीआय घटस्फोटानंतर रद्द होऊ शकतं. मुलाचं कार्ड त्याच्या स्वतःच्या हक्काचं असतं. पासपोर्टच्या नूतनीकरणाला मात्र दोघांच्या सह्या लागतात आणि तिथे अडवाअडवी होते. एक पालक मुलाला घेऊन दुसऱ्या देशात गेला आणि परत आलाच नाही, तर मुलाला परत आणण्यासाठीच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, हे लक्षात ठेवून ताबा आणि प्रवासाच्या अटी कोर्टाकडून लेखी घ्या. इथे चांगला वकील करा, माझ्यासारखीचं ऐकू नका.

ओसीआयचा अर्ज करताना काय सांभाळायचं?

अर्ज ऑनलाइन भरायचा, मग कागद घेऊन जायचं. मुलाचा परदेशी पासपोर्ट आणि त्यावरचा चालू व्हिसा, जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र, दोघांची संमती. वीस वर्षांचं होईपर्यंत मुलाचा पासपोर्ट बदलला की नवा पासपोर्ट आणि फोटो संकेतस्थळावर चढवायचे. वीस पूर्ण झाल्यावर पासपोर्ट नवा निघाला की एकदा नवं कार्ड.

फोटो चौकोनी लागतो, ५१ मिलीमीटर बाय ५१. पार्श्वभूमी फिकी, पण पांढरीशुभ्र नको. बाळाला फिक्या निळ्या चादरीवर उताणं झोपवा, खिडकीकडे डोकं करा आणि खुर्चीवर उभं राहून वरून फोटो काढा. चाळीसेक काढा, एक लागतो.

सही करता येत नसेल तर अंगठा. स्टँपपॅडची शाई जेमतेम लावा, बाळ झोपेत असताना मूठ उघडा, आणि आधी कागद हलवा, बोट नव्हे. आमच्या वेळी तिसऱ्या प्रयत्नाला ती जागी झाली आणि तो अंगठा तोंडात गेला. कार्डावर छापलेला ठसा चौथा आहे, थोडा पुसट, कडेला लाळेचा ओघळ.